मैलारकथेचा पहिला अध्याय : नळदुर्गच्या खंडोबाच्या अनुषंगाने एक तौलनिक विचार

१

बोरी नदीच्या काठचे नळदुर्ग हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे ते मुख्यतः तेथील किल्ल्यामुळे. बहमनी आणि त्यानंतर आदिलशाही अमलात हा किल्ला महत्त्वाचे ठाणे होता. दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या कारकीर्दीत, १६१३ च्या सुमारास, नदीवर बंधारा घालून त्याच्या पोटात जो पाणीमहाल बांधण्यात आला, तो दक्षिणेतील जलस्थापत्याचा एक विलक्षण नमुना म्हणून गणला जातो. परंतु नळदुर्गाची आणखी एक ओळख आहे, आणि ती राजसत्तेपेक्षा अधिक टिकाऊ ठरली आहे. हे खंडोबाचे एक प्रमुख क्षेत्र असून देवस्थानाच्या परिसरास मैलारपूर असे नाव आहे. येथील देव वर्षभर येथे नसतो. वर्षाचा बहुतेक काळ तो शेजारच्या अणदूर गावी असतो. थोडा काळ नळदुर्गास येतो, आणि पौष पौर्णिमेची मोठी यात्रा येथे भरते. त्याला नेण्या-आणण्याचा क्रम उभय गावांत लेखी कराराने ठरतो. देव एक आणि देवळे दोन, अशी ही व्यवस्था आहे.

या देवाची कथा सर्वश्रुत आहे. मणी आणि मल्ल या दैत्यांनी पृथ्वीवर उच्छाद मांडला. शंकराने मार्तंडभैरवाचे रूप धारण केले. घनघोर युद्ध होऊन दैत्य पडले. अद्भुत आणि वीर या दोन रसांवर उभी असलेली ही युद्धकथा महाराष्ट्र, कर्नाटक व तेलंगण या प्रदेशांत शतकानुशतके सांगितली गेली आहे. मात्र ही कथा कोठून सुरू होते, या प्रश्नाचे उत्तर सर्वत्र एक नाही. पोथी एका ठिकाणी प्रारंभ करते, वाघ्या-मुरळीचे जागरण दुसऱ्या ठिकाणी, आणि यात्रेचे पंचांग तिसऱ्याच ठिकाणी. कथेचा पहिला अध्याय कोणता धरावा, हा प्रश्न केवळ रचनेचा नाही. ज्या अध्यायापासून कथा सुरू होते त्यावरून देव कोणाचा आणि दैत्य कोण, हे ठरत असते. प्रस्तुत विवेचनाचा विषय हाच आहे.

२

मैलारकथेचा प्रमुख लिखित आधार म्हणजे ‘मल्हारी माहात्म्य’ हा संस्कृत ग्रंथ. तो स्वतःस ब्रह्मांडपुराणाच्या क्षेत्रखंडाचा भाग म्हणवितो. पण त्या पुराणाच्या प्रमाणभूत प्रतींत तो आढळत नाही. रा. चिं. ढेरे आणि गुंथर सोंथायमर या अभ्यासकांनी त्याचा रचनाकाल स्थूलमानाने १४६० ते १५१० असा मानला आहे. सिद्धपाल केसरी याने १५८५ मध्ये हे माहात्म्य मराठीत आणले. पुढे १८२१ मध्ये गंगाधराचा ‘मार्तंडविजय’ हा ग्रंथ झाला. मराठी घरांतून वाचल्या जाणाऱ्या पोथ्यांचा वंशवृक्ष सामान्यतः येथवर नेता येतो.

या माहात्म्याचा प्रारंभ पाहण्यासारखा आहे. मणिचूल पर्वतावर धर्माचे सात पुत्र, म्हणजे सप्तर्षी, तपश्चर्या करीत आहेत. आश्रम शांत आहे, यज्ञयाग चालू आहेत. ब्रह्मदेवाच्या वराने अजिंक्य झालेल्या मल्लाचे सैन्य तेथे येते आणि आश्रमाचा विध्वंस करते. ऋषी प्रथम इंद्राकडे जातात. इंद्र आपली असमर्थता सांगतो. ते विष्णूकडे जातात; तोही हतबल ठरतो. शेवटी ते कैलासावर शंकरापाशी येतात, आणि तेथे मार्तंडभैरव अवतरतो : सुवर्णासारखा तेजस्वी, हळदीने माखलेला, त्रिनेत्र, मस्तकी चंद्रकोर धारण करणारा.

कथारचनेच्या दृष्टीने हा प्रारंभ कसलेल्या हाताचा आहे. नायक पहिल्या क्षणी येत नाही. आधी एक निरुपद्रवी जग दाखविले जाते, मग ते उद्ध्वस्त होते, मग ज्यांनी रक्षण करावयाचे ते एकापाठोपाठ एक मागे सरतात. श्रोत्याच्या मनात भय आणि अपेक्षा पुरेशी साचल्यावरच देव प्रकट होतो. इंद्र व विष्णू यांची असमर्थता ही येथे त्यांची निंदा नव्हे. ती येणाऱ्या देवाची उंची मोजण्याची पट्टी आहे.

पण या रचनेने आणखी एक गोष्ट साधली जाते, आणि इतिहासदृष्ट्या ती अधिक महत्त्वाची आहे. कथेचा पहिला शब्द ऋषींचा झाल्यामुळे ज्यावर आघात झाला ते जग यज्ञाचे जग ठरते. आघात करणारा आपोआप यज्ञविध्वंसक, म्हणजेच दैत्य होतो. रक्षणाची याचना वैदिक देवांच्या क्रमानेच वर चढत जाते. म्हणून अखेरीस जो येतो तोही त्याच क्रमातील सर्वश्रेष्ठ ठरतो. खंडोबा हा शिवाचा अवतार आहे हे विधान माहात्म्याने युक्तिवादाने सिद्ध केलेले नाही. प्रारंभ कोठे करावयाचा ते ठरविल्यानेच ते सिद्ध झाले आहे.

३

हा देव माहात्म्याच्या रचनेपूर्वीही होता, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. कन्नड प्रदेशात तो मैलार, आंध्र-तेलंगणात मल्लन्ना. मैलाराच्या वीरव्रती भक्तांचे उल्लेख माहात्म्याहून जुन्या तेलुगू वीरशैव वाङ्मयात येतात. ‘येळकोट’ या जयघोषाची उपपत्ती कन्नड भाषेतील ‘एळु कोटी’, म्हणजे सात कोटी, या शब्दांवरून दिली जाते. नळदुर्गच्या देवस्थानाने मैलार हे नाव आपल्या परिसराच्या नावात आजतागायत जपले आहे. मराठी, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही भाषांचे प्रदेश ज्या पट्ट्यात एकमेकांस भिडतात त्यात हे गाव आहे. बीदरजवळचे आदिमैलार येथून फार दूर नाही. तेव्हा येथील देवाची जुनी ओळख कोणत्या दिशेस शोधावी, हे नावच सांगते.

त्याच्या भक्तगणाचा विस्तारही पोथीतील आश्रमाच्या कक्षेत मावणारा नाही. धनगर, मराठे, रामोशी, कोळी, लिंगायत वाणी, देशस्थ ब्राह्मण अशा अनेक समाजांचा तो कुलस्वामी आहे. मुसलमान भाविकांत त्याला मल्लूखान हे नाव आहे. त्याच्या पाच बायका मानल्या जातात : म्हाळसा लिंगायत वाण्याची, बाणाई धनगराची, आणि उरलेल्या शिंपी, माळी व मुसलमान समाजातील. एका देवाचे संसार इतक्या घरांशी जोडले गेले याचा अर्थ उघड आहे. निरनिराळ्या समाजांनी आपापल्या बाजूने त्याच्याशी नाते जोडले, आणि प्रत्येकाने ते नाते कथेच्या रूपाने सांगितले.

म्हणून माहात्म्याचा पहिला अध्याय हा देवाच्या उत्पत्तीचा वृत्तान्त म्हणून वाचणे चुकीचे होईल. तो एक प्रवेशपत्र आहे. आधीच लोकमान्य असलेल्या देवास पुराणांच्या सभेत स्थान देण्यासाठी ते लिहिले गेले. याच्या उलट टोकास जाऊन मणी व मल्ल म्हणजे अमुक राजे किंवा तमुक जमात असे समीकरण मांडण्याचा मोहही आवरावयास हवा. दैत्यवधाच्या प्रत्येक कथेमागे जिंकलेली जमात उभी असते हे गृहीतक आकर्षक आहे. पण त्यास स्वतंत्र पुरावा लागतो, आणि कथा हीच कथेचा पुरावा होऊ शकत नाही. कथेतून निश्चितपणे कळते ते इतकेच की, रचनाकाराने कोणास आत घेतले, कोणास बाहेर ठेवले, आणि ही सीमारेषा कोठे आखली.

४

वाघ्या-मुरळीचे जागरण पाहिले असता याच कथेचा प्रारंभ निराळा दिसतो. चौक भरला जातो, दिवटी पेटविली जाते, भंडारा उधळला जातो, आणि दिमडी व तुणतुण्याच्या साथीवर पहिले काम होते ते आमंत्रणाचे. गावोगावच्या देवांना त्यांच्या त्यांच्या स्थळांच्या नावांनिशी जागरास बोलाविले जाते. येथे कोणी उद्ध्वस्त झालेले नाही, कोणी रक्षणाची याचना करीत नाही. कथा सुरू होण्यापूर्वी सभा भरते, आणि सभा ही स्थळांची यादी असते. ऋषी, इंद्र, विष्णू, शिव ही पोथीतील चढती श्रेणी येथे नाही. सर्व देव एकाच चौकात, समान पातळीवर येऊन बसतात.

आमंत्रणानंतर जी आख्याने रंगतात त्यांत बाणाईची कथा विशेष प्रिय. तिचा आरंभ रणांगणावर होत नाही. तो सारीपाटावर होतो. देव म्हाळसेशी डाव मांडतो, हरतो, आणि बारा वर्षे घराबाहेर पडतो. मग धनगराच्या वाड्यावर चाकर म्हणून राहणे, मेंढरे राखणे, बाणाईवर मन जडणे, आणि तिला घेऊन परतल्यावर सवतींचे भांडण, असा विस्तार होतो. सर्वशक्तिमान देवाची कथा पराभवाने सुरू व्हावी, आणि तोही घरातील पराभव असावा, यात लोककथाकाराचे मर्म आहे. देव हरला म्हणून घराबाहेर पडला, आणि घराबाहेर पडला म्हणूनच तो धनगरांचा झाला. पोथीत ऋषी देवाकडे जातात. जागरणात देवच माणसांकडे येतो.

तिसरा प्रारंभ पंचांगाचा. माहात्म्याच्या परंपरेनुसार युद्ध मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपासून षष्ठीपर्यंत चालले. म्हणून खंडोबाचे नवरात्र या सहा दिवसांचे असते आणि चंपाषष्ठीस त्याची सांगता होते. नळदुर्गची मोठी यात्रा मात्र पौष पौर्णिमेची. पौष हा म्हाळसेच्या विवाहाचा महिना. सातारा जिल्ह्यातील पालीची लग्नाची यात्राही त्याच महिन्यात भरते. एकाच देवाच्या उपासनेत मार्गशीर्ष युद्धाची आठवण जागवितो आणि पौष सोयरिकीची. कोणता सण कोठे मोठा होतो, यावरून त्या क्षेत्राने कथेतील कोणता अध्याय आपला मानला याचा काही अंदाज करता येतो. हा अंदाज निर्णायक पुरावा नव्हे. तथापि पोथीपुरते पाहणाऱ्यास तो सुचणारही नाही.

५

दैत्यवधाच्या कथेत प्रारंभाचे स्थान किती निर्णायक असते हे पाहण्यासाठी एक दूरचे, पण अत्यंत बोधप्रद उदाहरण घेता येईल. ‘निहोन शोकी’ ही जपानची राजकीय बखर इ. स. ७२० मध्ये पूर्ण झाली. सम्राट निन्तोकू याच्या कारकीर्दीच्या पासष्टाव्या वर्षाखाली तीत अशी नोंद आहे की, हिदा प्रांतात सुकुना नावाचा एक पुरुष होता; त्यास एका धडावर विरुद्ध दिशांस पाहणारी दोन तोंडे आणि चार हात होते; तो राजाज्ञा मानीत नसे आणि प्रजेस लुबाडीत असे; म्हणून दरबाराने सेनानी पाठवून त्याचा वध करविला. नोंद त्रोटक आहे. ती राजाज्ञेच्या भंगाने सुरू होते आणि वधाने संपते.

हिदा प्रांतात मात्र हाच सुकुना पूज्य आहे. ताकायामा येथील सेन्कोजी या बौद्ध मंदिराच्या परंपरेत तो मंदिराचा संस्थापक मानला जातो. सतराव्या शतकातील भिक्षु-शिल्पकार एन्कू याने कोरलेली त्याची काष्ठमूर्ती त्या मंदिरात जतन केलेली आहे. राजधानीत ज्याची कथा बंडापासून सुरू झाली, त्याच्या गावी तीच कथा मंदिराच्या स्थापनेपासून सुरू होते. माणूस एकच; पहिला अध्याय बदलला, आणि दैत्याचा संस्थापक झाला.

या परंपरेस अलीकडे एक अनपेक्षित वारस लाभला. जपानमध्ये मांगा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चित्रकथांचा मोठा व्यवसाय आहे, आणि त्यांत अद्भुत शक्तींच्या झुंजींवर आधारलेल्या मालिका अतिशय लोकप्रिय आहेत. गेगे आकुतामी या टोपणनावाने लिहिणाऱ्या चित्रकाराची ‘जुजुत्सु काइसेन’ ही मालिका ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकात मार्च २०१८ मध्ये सुरू झाली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये संपली. तिच्या पहिल्याच प्रकरणास ‘र्योमेन सुकुना’, म्हणजे दोन तोंडांचा सुकुना, हे शीर्षक आहे. बखरीतील सुकुना येथे सहस्र वर्षांपूर्वीच्या एका भीषण शक्तीच्या रूपात अवतरला आहे. त्याची वीस बोटे मृत्यूनंतरही नष्ट करता आलेली नाहीत, आणि त्यांपैकी एक सेंदाई शहरातील एका शाळेत ठेवलेले आहे. युजी इतादोरी हा त्या शाळेतील विद्यार्थी. त्याचे आजोबा रुग्णालयात मरण पावतात आणि जाताना, अंगी बळ आहे तर लोकांच्या उपयोगी पड, असे त्याला बजावतात. त्याच रात्री बोटावरील मंत्रबंधन सुटते, दुष्ट शक्ती शाळेत शिरतात, आणि सोबत्यांचे प्राण वाचविण्यासाठी दुसरा उपाय न उरल्याने तो ते बोट गिळतो. सुकुना त्याच्या देहात वस्तीस येतो.

हा प्रारंभ वरवर पाहता माहात्म्याच्या प्रारंभासारखाच आहे : शांत जग, अकस्मात आघात, अपुरे पडणारे रक्षक, आणि मग शक्तीचे प्रकटन. परंतु एका ठिकाणी तो मुळातून भिन्न आहे. येथे प्रकटणारी शक्ती देवाची नाही, दैत्याची आहे. नायक दैत्याचा वध करून मोठा होत नाही. दैत्यास स्वतःच्या आत जागा दिल्याने त्याची कथा सुरू होते. शत्रू आणि रक्षक एका देहात राहतात, आणि पुढील सर्व संघर्षाचे बीज त्या सहवासात आहे.

६

या तुलनेच्या प्रकाशात मैलारकथेच्या शेवटाकडे पुन्हा पाहावे लागते. युद्धात मणी पडतो तेव्हा त्यास पश्चात्ताप होतो. तो आपला पांढरा घोडा देवास अर्पण करतो आणि वर मागतो : देवाच्या प्रत्येक स्थानी आपणास स्थान असावे, मनुष्यमात्राचे कल्याण व्हावे, आणि बकऱ्याच्या मांसाचा नैवेद्य आपणास मिळावा. देव वर देतो, आणि दैत्य उपदेव होतो. मल्ल मात्र सृष्टीचा नाश मागतो. त्याचे शिर धडावेगळे होऊन देवळाच्या पायरीशी पडते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायांखाली येते. तथापि तोही निघून गेलेला नाही. मल्लारि, म्हणजे मल्लाचा अरि, या नावात देव आपल्या शत्रूचे नाव नित्य वागवितो.

घोड्याचा तपशील विशेष लक्षणीय आहे. माहात्म्यात युद्धास निघालेला मार्तंडभैरव नंदीवर आरूढ आहे. पण घरोघरच्या देव्हाऱ्यांतील टाकांवर जो खंडोबा दिसतो तो घोडेस्वार आहे, हाती तलवार घेतलेला. पोथीने नंदीवरच्या शिवाने प्रारंभ केला खरा. परंतु लोकांस माहीत असलेले देवाचे रूप तिला अखेरीस मान्य करावे लागले, आणि ते तिने शत्रूच्या हातून देवविले. तसेच मांसाच्या नैवेद्याचे. ऋषींच्या आश्रमात सुरू झालेल्या कथेत त्यास जागा नव्हती. उपासनेत मात्र तो होता. मणीच्या वराने तो नैवेद्य कथेत आला, आणि तो मणीचा ठरल्यामुळे शिवाचे शुचित्वही अबाधित राहिले. पहिल्या अध्यायाने जे बाहेर ठेवले ते शेवटच्या अध्यायाने, दैत्याच्या नावावर का होईना, आत घेतले.

जपानी चित्रकथा जेथे सुरू होते तेथे मैलारकथा संपते, असे म्हणता येईल. एकीत शत्रूस जागा देणे हा प्रश्न आहे, दुसरीत ते उत्तर आहे. आधुनिक चित्रकथाकारास आतल्या शत्रूची अस्वस्थता हवी होती. मध्ययुगीन माहात्म्यकारास समेट हवा होता. परंतु दोन्ही कथा एका गोष्टीची साक्ष देतात. दैत्याचा निव्वळ वध करून त्याची कथा संपविण्याचा प्रयत्न बखरीने केला, तो हिदा प्रांतात टिकला नाही. ज्या भूमीवर पराभूताचे वंशज, उपासक किंवा नुसते शेजारी राहतात, तेथे पराभूतासाठी कोठे तरी पायरी, कोनाडा किंवा नैवेद्य राखावा लागतो.

संशोधनाच्या दृष्टीने यातून काही सूचना निघतात. क्षेत्रमाहात्म्य हे साधन म्हणून वापरताना त्याचा पहिला अध्याय सर्वांत कमी विश्वसनीय आणि शेवटचे अध्याय सर्वांत अधिक बोलके मानावेत. प्रारंभ रचनाकाराच्या इच्छेने लिहिला जातो. शेवट त्याला प्रत्यक्ष उपासनेशी जुळवून घ्यावा लागतो. वर, शाप, नैवेद्य आणि मानपान यांचे जे तपशील अखेरीस येतात, त्यांत स्थानिक आचार अनेकदा जसाचा तसा उतरलेला असतो. दुसरे असे की, छापील पोथी आणि जागरण यांस मूळ आणि अपभ्रंश या नात्याने पाहू नये. वाघ्याची कथा ही बिघडलेली पोथी नव्हे. तिचा प्रारंभ निराळा आहे, कारण तिचा श्रोता निराळा आहे. पोथी छापली गेली आणि जागरण तोंडी राहिले, एवढ्या कारणाने पोथीच्या प्रारंभास प्रामाण्य मिळाले, तर ज्या समाजांनी हा देव मेंढरांच्या वाड्यावर ओळखला त्यांचा अध्याय इतिहासातून गळून जाईल. नळदुर्गच्या परिसरात म्हटले जाणारे जागरण, त्यातील आमंत्रणाचा क्रम आणि आख्यानांची निवड यांची नोंद पोथीच्या हस्तलिखितांइतक्याच काळजीने व्हावयास हवी.

अणदूर आणि नळदुर्ग यांच्यामधील कराराचे महत्त्वही याच संदर्भात आहे. देव मुळात कोणत्या गावचा, या वादाचा निकाल लावावयाचा तर कथेचा पहिला अध्याय शोधावा लागतो, आणि तो सापडल्यावर एका गावास देव गमवावा लागतो. या दोन गावांनी तसे केलेले नाही. देव कोठे प्रथम प्रकटला यापेक्षा तो कोठे किती दिवस राहील, हे त्यांनी लिहून ठेवले आहे. माहात्म्यकारास जो समेट दैत्याच्या वरातून घडवावा लागला, तो येथे दरवर्षी दोन गावांच्या सहीने होतो.